बाबांचे उत्पन्न किती?

ऑगस्ट २०२५ मधील गोष्ट. शिष्यवृत्तीच्या एका अर्जात ‘पालकांचे वार्षिक उत्पन्न’ असा रकाना होता. माझे बाबा साखर कारखान्यात फिटर आहेत. त्यांना विचारले, तर म्हणाले, “म्हैन्याला तीस हजार हातात पडत्यात.” मी बाराने गुणून ३,६०,००० रुपये लिहिले आणि सोबत फॉर्म १६ व आयकर विवरणपत्राची पोचपावती जोडली.

चार दिवसांनी अर्ज परत आला. फॉर्म १६ वर ४,८२,५००, पोचपावतीवर ३,७०,००० आणि अर्जात तिसराच आकडा! “उत्पन्न लपवलंय का?” असे खिडकीतून विचारले गेले. घरी सांगितले तेव्हा बाबा जेवत होते. हातातला घास ताटात ठेवून एवढेच म्हणाले, “हातात येतं त्येच सांगितलं की गं.”

आमच्या घरात इंग्रजी कागद वाचणारी मी पहिलीच. त्या रात्री मी २०२४-२५ या वर्षाचे सगळे कागद घेऊन बसले. जे उमगले ते माझ्यासारख्या विद्यार्थिमित्रांसाठी येथे मांडते. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत.

हातात पडणारा पगार म्हणजे उत्पन्न नव्हे. बाबांच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे ४५,६००, विम्याचे १४,४००, पतपेढीच्या कर्जाचे ६०,००० आणि व्यवसाय कराचे २,५०० रुपये आधीच कापले जातात. कर्जाचा हप्ता हा खर्च आहे आणि निधी ही बचत. दोन्ही आधी मिळवलेल्या पैशांतूनच जातात. म्हणून कारखाना दाखवतो तो ढोबळ पगार ४,८२,५००.

त्यातून कायदा प्रथम दोन रकमा वजा करू देतो. एक प्रमाणित वजावट ५०,०००, दुसरा व्यवसाय कर २,५००. उरले ४,३०,०००. यात बचत खात्याचे व्याज ६,२४० मिळवले की ४,३६,२४० होतात. हेच ‘ग्रॉस टोटल इन्कम’, म्हणजे सर्व मार्गांचे मिळून ढोबळ एकूण उत्पन्न.

यापुढे बचतीच्या सवलती येतात. निधी व विमा मिळून ६०,००० (कलम ८०सी) आणि व्याजाचे ६,२४० (कलम ८०टीटीए). त्या वजा जाता ३,७०,००० उरतात. हे ‘टोटल इन्कम’. कर याच आकड्यावर मोजतात. जुन्या पद्धतीत ही रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने सूट मिळून बाबांचा कर शून्य झाला.

मग ढोबळ एकूण उत्पन्न सापडते कोठे? ‘सहज’ नावाच्या विवरणपत्रात भाग ‘बी’च्या अखेरीस. भाग ‘सी’मध्ये सवलती व करपात्र उत्पन्न असते. पोचपावतीवर मात्र शेवटचाच आकडा छापतात, मधला नाही. आणि येथेच माझी फसगत झाली. फॉर्म १६ मध्येही हा आकडा असतो. पण बँकेचे व्याज कारखान्याला कळवलेले नसेल तर तो कमी भरतो. आमच्याकडे तसेच झाले होते; तेथे ४,३०,००० होते. ज्यांच्या पालकांनी नवी करपद्धत घेतली आहे, त्यांना बचतीच्या या सवलती नसल्याने दोन्ही आकडे बहुधा सारखेच दिसतील.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण विवरणपत्र नेले आणि आधी विचारले, “आपल्याला कोणते उत्पन्न हवे?” उत्तर मिळाले, “ढोबळ.” मी ४,३६,२४० लिहिले. अर्ज घेतला गेला.

संध्याकाळी चारही आकडे एका कागदावर मराठीत लिहून बाबांना वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, “म्हंजी चारी खरंच हाईत.” तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

मित्रांनो, अर्ज भरण्यापूर्वी आपल्या आईवडिलांचे विवरणपत्र एकदा स्वतः वाचा. न वाचता आपण आकडा लिहितो आणि खोटेपणाचा ठपका त्यांच्यावर येतो.