मासेमारीच्या लहान होडीत उभे राहण्यासाठी घरगुती आधारदांडी

तुळजापूर तालुक्यातील जळकोट व नळदुर्ग या परिसराला पाण्याचे नियोजन नवे नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला, त्यास चारशे वर्षे होऊन गेली. आमच्या काळात पाझर तलाव व शेततळी झाली, आणि पाणी साठले की त्यात मासे सोडण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविकच होय. रोहू, कटला व मृगळ या जातींचे बीज सोडणारे अनेक शेतकरी आज या भागात आढळतात. मासे वाढविण्याची माहिती त्यांना मिळते. परंतु ते पकडण्यासाठी पाण्यावर जाणे आले, आणि त्याची माहिती मात्र सहसा कोणी देत नाही.

गेल्या हंगामात एका शेतकरी बंधूंच्या तलावावर जाण्याचा योग आला. गावच्या कारागिराकडून करून घेतलेल्या पत्र्याच्या अरुंद डोणीतून ते जाळे ओढीत होते. बसल्या जागेवरून जाळे उचलेना, म्हणून ते उभे राहिले. उभे राहताना हाताला धरावयास काही नव्हते. डोणी कलली व ते जाळ्यासह पाण्यात पडले. जाळे पायात गुंतले होते. तेथे पाणी छातीइतकेच होते, म्हणून ते वाचले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “साहेब, धरायला एक दांडी असती तर पडलो नसतो.” त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे काय, ते आधी पाहू. मग दांडी कशी करावी याकडे वळू.

होडी का उलटते?

बसलेल्या माणसाचा भार होडीच्या तळाशी असतो. तोच माणूस उभा राहिला की त्याच्या शरीराचा भारमध्य नाभीच्या आसपास, म्हणजे तळापासून सुमारे 90 ते 95 सेंटिमीटर उंचीवर जातो. प्रत्येक होडीची एक मर्यादा-उंची असते. होडी, माणूस व जाळे यांचा मिळून होणारा भारमध्य या उंचीच्या खाली असेल, तर कललेली होडी पुन्हा सरळ होते. वर गेला, तर थोडी कललेली होडी आणखी कलत जाते.

सपाट तळाची, सरळ बाजूंची, 3 मीटर लांब होडी घ्या. माणूस 65 किलो, चौकटीसह होडी 45 किलो व जाळे 10 किलो, असा एकूण भार 120 किलो धरा. होडी 60 सेंटिमीटर रुंद असेल, तर हिशेबाने मर्यादा-उंची तळापासून सुमारे 48 सेंटिमीटर येते. माणूस बसलेला असता एकूण भारमध्य सुमारे 24 सेंटिमीटरवर असतो. म्हणून होडी निर्धास्त चालते. तो उभा राहिला की भारमध्य सुमारे 59 सेंटिमीटरवर जातो, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. अशा होडीत उभे राहणे ही कसरत होय. आता होडी 75 सेंटिमीटर रुंद करा. मर्यादा-उंची सुमारे 90 सेंटिमीटरपर्यंत चढते, आणि उभ्या माणसालाही होडी सावरून धरते. रुंदी फक्त सव्वापट झाली. परंतु कलण्यास होणारा विरोध रुंदीच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो जवळजवळ दुप्पट झाला. गोल तळाची किंवा खाली निमुळती होडी यापेक्षा कमी आधार देते, हेही ध्यानात ठेवावे.

कयाक या नावाने आज ओळखली जाणारी अरुंद होडी मुळात ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेतील बर्फाळ किनाऱ्यांवरील इन्युइट शिकाऱ्यांची. ते त्यात बसूनच शिकार करीत. उलट आपल्याकडील काहील पाहा. गूळ करण्याची ही पसरट कढई कोल्हापूर-सांगलीकडे नदी ओलांडण्यासही वापरली गेली, ती तिच्या रुंदीच्या बळावर.

दांडी काय करते, काय करीत नाही

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. होडीलाच जोडलेली दांडी होडीला स्थिर करीत नाही. आपण होडीत उभे आहोत आणि दांडीही होडीवरच आहे; कलत्या होडीत दांडी एका बाजूस ओढली, तर होडी आणखी कलण्याचाच संभव. दांडी स्थिर करते ती माणसाला. उठताना शरीराचा झोक जात नाही, गुडघे डळमळत नाहीत व भार मध्यरेषेवर राहतो. माणूस स्थिर राहिला की होडीला हिसका बसत नाही. वरील 75 सेंटिमीटर रुंद होडीत उभ्या माणसाचा भार मध्यरेषेपासून 10 सेंटिमीटर सरकला, तरी होडी सुमारे 10 अंश कलते. हे सरकणे टाळणे हेच दांडीचे काम.

यास्तव पहिला नियम असा : होडीची रुंदी 75 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर तीवर दांडी बसवू नये, बसूनच काम करावे. दांडी दिसली की माणसाला धीर येतो, आणि अरुंद होडीत तो धीर घातक ठरतो.

साहित्य

1. पी.व्ही.सी. नळी, बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर : सुमारे साडेतीन मीटर, दोन एल्बो व दोन टी.
2. नळीच्या आत घट्ट बसेल असा भरीव वेळू. नुसती नळी भाराखाली वाकते. आत वेळू असला की ती ताठ राहते.
3. बाभूळ किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या फळ्या, 10 सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड. चार लाकडी ठोकळे, 8 सेंटिमीटर चौरस व 15 सेंटिमीटर उंच.
4. 10 मिलिमीटर जाडीचे गंज न लागणारे नट-बोल्ट, रुंद वायसर व रबरी चकत्या.
5. सायकलची जुनी ट्यूब, दीड मीटर जाड दोरी, सॉल्व्हंट सिमेंट व तेलरंग.

बांधणीची रीत

प्रथम बैठक करावी. होडीच्या आतील रुंदीएवढ्या दोन आडव्या फळ्या कापून त्या एकमेकींपासून 50 सेंटिमीटर अंतरावर ठेवाव्यात व दोन उभ्या फळ्यांनी जोडून चौकट करावी. आडव्या फळ्यांच्या टोकांना होडीच्या बाजूला लागून 20 सेंटिमीटर उंचीचे लाकडी कान पक्के करावेत. हे कान होडीच्या बाजूंना तळापासून 18 सेंटिमीटर उंचीवर बोल्टने, आतबाहेर रबरी चकती घालून आवळावेत. होडीच्या तळाला किंवा पाण्याच्या रेषेखाली एकही भोक पाडू नये. तयार प्लॅस्टिक कयाकला पट्टे अडकविण्याच्या कड्या असतात. बैठक त्यांनाच बांधावी.

मागील आडव्या फळीवर 45 सेंटिमीटर अंतराने दोन ठोकळे बसवावेत. उभ्या नळ्यांची खालची टोके त्यांच्या आतील बाजूस लावून प्रत्येकी एका आरपार बोल्टने जोडावीत. उभ्या नळ्यांची वरची टोके एल्बोने आडव्या दांडीला जोडावीत. तळापासून 30 सेंटिमीटर उंचीवर टी वापरून दुसरी आडवी नळी घालावी. तिच्यामुळे चौकट वेडीवाकडी होत नाही. एल्बो व टी यांच्यापाशी वेळू जोडाच्या जितका जवळ जाईल तितका न्यावा. जोड सॉल्व्हंट सिमेंटने करून पूर्ण एक दिवस वाळू द्यावेत.

दांडीची उंची ज्याच्या त्याच्या मापाची असावी. ताठ उभे राहून हात सरळ खाली सोडला असता मनगट जेथे येते, ती उंची योग्य. मध्यम उंचीच्या माणसास ती सुमारे 80 सेंटिमीटर येते. दांडी नाभीपेक्षा उंच करू नये.

माणूस उठताना दांडी मागे ओढतो व पुढे वाकताना तीच पुढे रेटतो. म्हणून दोरीचा ताण पुरेसा नाही. ताठ तिरके आधार हवेत. उभ्या नळ्यांना 60 सेंटिमीटर उंचीवर बोल्टने दोन आधार जोडून त्यांची खालची टोके पुढील आडव्या फळीवरील ठोकळ्यांना बोल्टने जोडावीत. खालचे दोन बोल्ट काढले की सारी चौकट पुढे आडवी पडते व होडी वाहून नेण्यास सोपी जाते.

बोल्टची टोके कापून गोल करावीत व सर्व जोडांवर सायकलची ट्यूब गुंडाळावी. एका बोल्टच्या टोकाला अडकलेले जाळे माणसास पाण्यात खेचू शकते. उन्हाने नळी ठिसूळ होते; म्हणून तिला तेलरंग द्यावा. शेवटी वरच्या दांडीच्या मध्यास उठण्यासाठी दोरी बांधून तीत दोन-तीन गाठी माराव्यात.

कसोटी

होडी जमिनीवर असतानाच दांडीला युरियाचे 45 किलोचे पोते पाव तास टांगावे. नंतर एका माणसाने होडी धरून दुसऱ्याने दांडी मागे, पुढे व दोन्ही बाजूंस जोराने ओढावी. जोड करकरला किंवा हलला, तर तो पुन्हा करावा. त्यानंतरच होडी कमरेइतक्या पाण्यात न्यावी. लाइफ जॅकेट घालून व काठावर दोरी घेतलेला सोबती ठेवून निदान दहा वेळा उठण्या-बसण्याचा सराव करावा.

उठताना प्रथम दोन्ही पाय होडीच्या मध्यरेषेच्या दोन बाजूंस सारख्या अंतरावर ठेवावेत, दोरी दोन्ही हातांनी धरावी, भार पायांवर घेऊन सरळ वर यावे व मग हात दांडीवर न्यावेत. पायांची बोटे दांडीपासून वीतभर मागे असावीत. गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत.

कटाक्षाने पाळावयाचे नियम

जाळ्याची दोरी दांडीला कधीही बांधू नये. तेवढ्या उंचीवर बाजूने 10 किलोचा ताण आला, तरी होडी 10 अंशांहून अधिक कलते. स्वतःला दांडीशी बांधून घेऊ नये. फेकण्याचे जाळे बाजूस न फेकता पुढील दिशेस फेकावे. वारा सुटला, लाटा आल्या किंवा अंधार पडू लागला, तर खाली बसावे. होडीच्या दोन्ही टोकांस झाकण पक्के केलेला 20 लिटरचा रिकामा कॅन बांधून ठेवावा. होडीत पाणी भरले तरी ती बुडणार नाही.

अधिक निर्धास्त व्हावयाचे असेल, तर कोकणातील नाखव्यांची उलांडी आपल्यापुढे आहेच. उभे राहण्याच्या जागेच्या मागे एक आडवा वेळू बांधून दोन्ही बाजूंस मध्यरेषेपासून 90 सेंटिमीटर अंतरावर, पाण्याला जेमतेम टेकेल असा, 20 लिटरचा एकेक बंद कॅन बांधावा. असा कॅन पाण्यात दाबला गेला की वर सांगितलेल्या 10 सेंटिमीटर झुकण्याच्या दुपटीहून अधिक जोर परतवितो. दांडी माणसाला सावरते, उलांडी होडीला सावरते. त्या शेतकरी बंधूंच्या बोलण्यातील राहिलेले अर्धे ते हेच.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

आपल्या गावातील शेततळी व तलाव यांवर वापरल्या जाणाऱ्या होड्यांची रुंदी स्वतः मोजावी, आणि 75 सेंटिमीटरपेक्षा अरुंद होडीत उभे न राहण्याविषयी मालकास समजावून सांगावे. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात काठ निसरडे असल्यामुळे पोहणाऱ्यासही बाहेर येता येत नाही. म्हणून चारही बाजूंस गाठी मारलेले दोर सोडलेले आहेत ना, ते पाहावे. अस्तर फाटू नये यासाठी होडीच्या तळाच्या कडांवर जुनी ट्यूब बसविण्यास सांगावे. शासकीय जलाशयात होडी नेण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात व तेथील मच्छीमार सहकारी संस्थेकडे परवानगीची चौकशी करावी.

एक आधारदांडी भर दुपारी गावच्या चावडीसमोर सर्वांदेखत बनवून दाखवावी आणि तिला पोते टांगून तिची कसोटीही तेथेच घ्यावी. ऐकलेले विसरले जाते, हाताने केलेले सहसा विसरले जात नाही. तलावातील माशांचे उत्पन्न मोलाचे खरे. परंतु ते घरी घेऊन येणारा माणूस सुखरूप परतणे त्याहून मोलाचे, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.