श्रेयनामावलीचा तंटा

वरळीच्या बी. डी. डी. चाळींपैकी पाडकामाची वाट पाहत उभ्या असलेल्या एका चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत दाटीवाटीने बसून, आम्ही सात जणांनी गेल्या पावसाळ्यातील चार रविवार एका मुक्त संगणक-प्रणालीच्या मराठी मार्गदर्शिकेची श्रेयनामावली ठरविण्यात खर्ची घातले; आणि तीनशे पाने लिहिताना जो तंटा झाला नव्हता, तो या अर्ध्या पानाने झाला.

संगणकाचे दप्तर नोंदीत कसूर करीत नाही, तेव्हा हिशेब सोपा असावा, असा माझा भाबडा समज होता. बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'मध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे (श्रेय शोधण्याच्या साधनाला दोषारोपाचे नाव देणारा मनुष्य अनुभवी असला पाहिजे). ती प्रत्येक ओळीपुढे तिला शेवटचा हात लावणाऱ्याचे नाव दाखविते. आमच्यातील एका काटेकोर गृहस्थांनी दोन रात्री जागून सर्वत्र अनुस्वार दुरुस्त केले होते. सबब त्या दाखल्यानुसार निम्म्या ग्रंथाचे कर्ते तेच ठरले! अनुवादाच्या 'पीओ' फायलीच्या शिरोभागीही शेवटच्या अनुवादकासाठी एकच रकाना. आधीच्यांची नावे कोणी वरच्या टिपेत जपली तरच उरावयाची.

उलट, शेजारच्या खोलीतील निवृत्त कारकून बाईंचे नाव दप्तरात कोठेच नव्हते. त्यांनी एक ओळही लिहिली नाही; परंतु प्रत्येक पायरी आपल्या जुन्या संगणकावर करून पाहून, "इथं तुम्ही 'जतन करा' म्हणता, पडद्यावर तर 'साठवा' आहे," असे त्या निमूटपणे आमच्या पदरात घालीत राहिल्या. त्यांना 'आभार' या सदरात ढकलण्याचा प्रस्ताव मी तहकूब करावयास लावला.

नियमाचा आधार शोधावा, तर ग्नूचा मुक्त दस्तऐवज परवाना सुधारित आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर मूळच्या प्रमुख लेखकांपैकी किमान ५ नावे मागतो. प्रमुख कोण, हे मात्र आपणच ठरवावयाचे. वाट दाखविली ती वाईच्या मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंद मुळात इंग्रजीत लिहिलेली असेल, तर लेखकाच्या नावापुढे 'इं.' आणि भाषांतरकाराच्या नावापुढे 'म.' अशी खूण असते. कोणी किती केले याची मोजदाद नाही; काय केले, एवढाच निर्देश.

आम्हीही तेच केले. नावे अकारविल्हे लावली आणि प्रत्येकापुढे 'ले.', 'भा.', 'शु.' किंवा 'त.' अशी खूण घातली. तपासणाऱ्या बाईंचे आडनाव 'अ'पासून सुरू होत असल्यामुळे यादीत पहिले नाव त्यांचे आले.