इफ्तारची सुरी

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर आमच्या घरात एकच आवाज चालू असतो, चिरण्याचा. कलिंगड, पपई, भज्यांसाठी कांदा. दिवसभराच्या रोजामुळे हातात जोर उरलेला नसतो आणि लक्ष घड्याळाकडे असते. अशा वेळी सुरी बोथट असली तर काय होते, ते आम्ही मागच्या रमजानमध्ये पाहिले. कलिंगडाच्या सालीवरून पाते घसरले आणि अम्मीच्या तळहातात शिरले. तीन टाके पडले. त्या दिवशीचा रोजा आम्ही दवाखान्याच्या बाकावर खजूर खाऊन सोडला.

सुरी मीच आणली होती. शहरातल्या एका दुकानातून सहा सुऱ्यांचा चकचकीत संच, लाकडी स्टँडसकट. स्वस्तात मिळाला म्हणून मी खूश होतो. धारदार सुरीची भीती वाटते म्हणून घरोघरी बोथट सुऱ्या वापरल्या जातात. खरे तर बोथट सुरीच जास्त घातक. तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि घसरली की तो सगळा जोर हातावर येतो.

पुढच्या बाजाराला तो संच घेऊन मी नातेपुत्यातल्या एका शिकलगार चाचांकडे गेलो. शिकलगार हा शब्द मूळचा 'सैकलगर'. सैकल म्हणजे घासून आणलेली झळाळी. तलवारी-कट्यारींना धार लावणारी ही मंडळी. शस्त्रांचा जमाना गेला, आता विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते उरले आहेत. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येण्याआधी चाचांना मान वर करायला फुरसत नसते. हजारोंच्या स्वयंपाकाची भाजी चिरायची असते ना!

चाचांनी खिशातून लोहचुंबक काढला. चार सुऱ्या चिकटल्या, दोन चिकटल्या नाहीत. "या दोन ताटाच्या पत्र्याच्या," ते म्हणाले. "लोणी कापा यांनी."

त्यात तथ्य आहे. ताटे-डबे ज्या स्टीलचे होतात त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. ते गंजत नाही, पण तापवून पाण्यात बुडवले तरी कडक होत नाही, म्हणून धार धरत नाही. सुरीच्या स्टीलमध्ये कार्बन पुरेसा लागतो आणि असे स्टील चुंबकाला चिकटते. अर्थात मऊ लोखंडही चिकटते. म्हणजे चुंबक सुरीला नापास करू शकतो, पास करू शकत नाही.

चिकटलेल्या चार सुऱ्या चाचांनी पाणी मारत मारत दगडावर घासल्या. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, बघायला बरे वाटते. पण पाते तापून निळे पडले की त्याचे 'पाणी' उतरते. मराठीत पात्याला पाणी देतात, पाणीदार म्हणतात. उर्दूत 'आब' म्हणजे पाणी आणि धारदार तलवार ती 'आबदार'. दोन्ही भाषांना लोहाराच्या भात्यापाशी एकच गोष्ट दिसली असणार.

चारही सुऱ्यांनी कागद सरसर कापला. म्हणजे सुऱ्या वाईट नव्हत्या. वर्षभरात मी त्यांना एकदाही धार लावली नव्हती.

तरी एक सुरी मी त्यांच्याकडून घेतलीच. गाडीच्या कमानपाट्यापासून बनवलेली, काळपट, लाकडी मुठीची. किंमत दीडशे. सवयीप्रमाणे मी घासाघीस केली. चाचा म्हणाले, "सर, धार लावायला तुम्ही माझ्याकडेच येणार. वाईट सुरी देऊन मी तोंड कुठं लपवू?" मी गुपचूप दीडशे दिले.

या सुरीला गंज चढतो. टोमॅटो-लिंबू चिरले की लगेच धुऊन कोरडी करावी लागते, ठेवताना तेलाचे बोट फिरवावे लागते. हा त्रास नको म्हणूनच जग स्टेनलेस स्टीलकडे वळले. 1913 मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्लीने ते तयार केले आणि सुऱ्या-काट्यांच्या त्या गावाने त्याची पाती बनवली. तुम्हाला पुसायचा कंटाळा असेल तर स्टेनलेसच घ्या. फक्त पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले आहे ना, मूठ हलत नाही ना आणि पाते धारेकडे निमुळते होत जाते ना, हे पाहा.

घरी आणल्यावर ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात चिरू नका, लाकडी पाट वापरा. धार थोडी गेली तर चिनी मातीचा कप पालथा घाला. त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर पाते अंदाजे वीस अंशांत तिरपे धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा. तेवढ्याने महिना निघतो.

जिबह करताना सुरी नीट पाजळून घ्या, जनावराला यातना होऊ देऊ नका, अशी प्रेषितांची शिकवण आहे. बकरी ईदला आम्ही ती काटेकोर पाळतो. पण घरात रोज चिरणाऱ्या बाईच्या हाताचा विचार मला कधी सुचला नव्हता, याची लाज वाटते.

यंदा पहिल्या रोजाच्या आदल्या दिवशी मी सगळ्या सुऱ्या धार लावून आणल्या. अम्मीने काळी सुरी कलिंगडावर ठेवली, जोर न देता ओढली. कलिंगड उघडले. तळहातावरच्या व्रणाकडे बघत ती म्हणाली, "आता चाचांना एक फोड नेऊन दे."