आधी खोली, मग विद्यापीठ

जून उजाडला की आमच्या अहेरी भागात दोन गोष्टींची धांदल उडते. एक धानाच्या पऱ्ह्यांची आणि दुसरी प्रवेशाची. बारावी झालेल्या मुलांच्या घरी कागदपत्रांची पिशवी खुंटीवरून खाली येते आणि माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या ओट्यावर पालकांची ये-जा वाढते. प्रश्न ठरलेला असतो, "गुरुजी, पोराले नागपूरले धाडू का गडचिरोलीतच ठेवू?"

गेल्या जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन माझा बालमित्र आला. सोबत त्याची नात होती. तिला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं, गुणही चांगले होते. मी उत्साहानं दोन्ही विद्यापीठांची माहिती देऊ लागलो. त्यानं मला मध्येच थांबवलं. "विद्यापीठाचं तू पाय गा. मले फक्त सांग, पोरगी रायल कुठं?"

त्याचं हे विचारणं मला लागलं. त्यामागे १९७८ साल होतं.

त्या साली आम्ही दोघं बारावी झालो. गडचिरोली जिल्हा तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता. तो झाला १९८२ मध्ये. सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात आणि विद्यापीठ एकच, १९२३ साली स्थापन झालेलं नागपूरचं. चंद्रपूरला महाविद्यालयं होती, पण आमच्या मास्तरांनी सांगितलं, "शिकायचं तर नागपूरलाच जा." आम्ही गेलो. अडीचशे किलोमीटरहून जास्त प्रवास, पत्र्याची पेटी आणि घरून बांधून दिलेला तांदूळ. मला एका वसतिगृहात जागा मिळाली. त्याला मिळाली नाही. शहराच्या एका टोकाला त्यानं खोली घेतली. कॉलेज दुसऱ्या टोकाला. घरात माडिया बोलणारा हा मुलगा, मराठी बोलताना अडखळायचा. रात्री बोलायला कोणी नाही, सकाळी पाण्याची रांग, दुपारच्या जेवणाचा भरवसा नाही. दिवाळीला गावी आला तो परत गेलाच नाही.

गावात सगळे म्हणाले, अभ्यास झेपला नाही. मीही तेच धरून चाललो. खरं तर बारावीला त्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. पुढे मी शिक्षक झालो, तो शेतीत राहिला. आम्हा दोघांत फरक होता तो एका खाटेचा. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

आज चित्र पुष्कळ बदललं आहे. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठाचं विभाजन होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याचं मुख्यालय गडचिरोलीत आहे. पूर्वी विद्यापीठातल्या साध्या कामासाठीही नागपूर गाठावं लागे. सिरोंच्याच्या मुलाचे त्यात दोन दिवस आणि मजुरीचे पैसे जात. तो हेलपाटा कमी झाला. काही पालकांना अजून वाटतं की नागपूरची पदवी तेवढी खरी. तसं काही नाही. दोन्ही सरकारी विद्यापीठं आहेत. राज्यसेवेच्या परीक्षेला बसायचं असो की पुढे एम.एस्सी. करायचं असो, दोन्ही पदव्या सारख्याच चालतात. नागपूरचं बळ वेगळ्या गोष्टीत आहे. तिथं शंभर वर्षांत उभे राहिलेले विभाग आहेत, मोठी ग्रंथालयं आहेत, विषयांची निवड जास्त आहे, अवतीभवती अभ्यास करणारी हजारो मुलं आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण वनस्पतिशास्त्राची पहिली तीन वर्षं गडचिरोलीत किंवा चंद्रपुरातही होऊ शकतात. शिवाय २०२४-२५ पासून महाविद्यालयांत नवी रचना आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते. म्हणजे अठराव्या वर्षी केलेली निवड ही जन्माची गाठ राहिलेली नाही.

तेव्हा राहता राहिला प्रश्न खोलीचा, आणि आमच्याकडे तोच पहिला आहे. आदिवासी मुलांसाठी शासकीय वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून स्वयम् योजनेत जेवणाचे, राहण्याचे आणि पुस्तकांचे पैसे मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे. योजना चांगल्या आहेत. फक्त एक लक्षात ठेवावं. वर्ग सुरू होतात आधी. वसतिगृहाची यादी लागते नंतर आणि खात्यात पैसे येतात त्याहून नंतर. मधले दोन-तीन महिने पोर कुठे राहणार, काय खाणार, याची तजवीज घरूनच करून निघावं लागतं. आमची मुलं परत येतात ती याच महिन्यांत.

म्हणून मी मित्राला म्हटलं, "चल, दोन्हीकडच्या खोल्या बघून येऊ." बघायला निघालो ते भर पावसात, कारण पावसातच खोली खरं सांगते. एका वहीत नातीनं प्रश्न लिहून घेतले. वर्गापर्यंत पायी किती वेळ? संध्याकाळी रस्त्यावर दिवे असतात का? पाणी किती वाजता येतं? मेस तिथंच आहे की जेवणाचे पैसे खात्यात मिळतात आणि सोय आपली आपण करायची? गृहपाल तिथंच राहतात का? आमच्या भागातली कोणी मुलगी तिथं आहे का?

नागपूरला कॉलेज फार आवडलं. पण वसतिगृह लांब, यादी कधी लागेल ते कोणी सांगेना आणि खासगी खोलीसाठी अनामत रक्कम आधी भरायची होती. गडचिरोलीत वसतिगृहापासून वर्ग पायी पंधरा मिनिटांवर. आत गेलेली नात अर्ध्या तासानं हसत बाहेर आली. भामरागडकडच्या दोन मुली भेटल्या होत्या. त्या तिच्याशी माडियात बोलल्या होत्या.

खरं सांगायचं तर माझं मन नागपूरकडे होतं. हुशार पोरगी, मोठ्या शहरात जावी असं वाटत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "गुरुजी, नागपूरला मी जाणारच आहे. तीन वर्षांनी. तेव्हा खोली मीच शोधीन." यावर मी काय बोलणार?

प्रत्येकानं गडचिरोलीच निवडावी असं माझं म्हणणं नाही. हवा तो विषय जवळ नसेल, नागपुरात राहायची पक्की सोय असेल, तर खुशाल जावं. आमच्या जंगलातून मुलं दूर गेली पाहिजेतच. पण पाठवताना कॉलेजचं नाव जितक्या बारकाईनं तपासतो, तितक्याच बारकाईनं त्या चार भिंती तपासाव्यात. जात वैधता, उत्पन्न, अधिवास हे दाखले जूनच्या आधी हातात असावेत. आणि पहिल्या दिवाळीला घरी आलेल्या मुलाला "गुण किती?" असं विचारण्याआधी "झोप लागते का रे तिथं?" असं विचारावं.

वसतिगृहात प्रवेश झाला त्या दिवशी मित्र नातीला सोडायला आला. सामान आत गेलं तरी फाटकापाशीच घुटमळत राहिला. मग धीर करून त्यानं गृहपाल बाईंना विचारलं, "बाई, रातच्याले पोरीले ताप आला, त कोनाले सांगाचं?" बाईंनी शांतपणे स्वतःचा फोन नंबर सांगितला. त्यानं खिशातून छोटी वही काढली, मला दिली आणि नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

परतीच्या बसमध्ये बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत होता. आष्टी मागे पडल्यावर म्हणाला, "मी बी इचारलं असतं गा तवा. पन इचाराचं कोनाले, हेच मले माहीत नोतं."