चमचाभर तेलाची करामत

जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ ही एक दशांश आकाराची रिमोटवर चालणारी बगी आणली. तेव्हापासून मातीच्या ट्रॅकवर हा खेळ चांगलाच रुजला. उडीवरून खाली येताना एक गाडी चेंडूसारखी उसळते, दुसरी मांजरासारखी अलगद बसते. हा फरक बराचसा शॉक ॲब्सॉर्बरमधल्या चमचाभर तेलाचा!

स्प्रिंग धक्का साठवते. जिरवतं ते तेल. आतल्या दट्ट्याला बारीक भोकं असतात. दट्ट्या सरकला की सिलिकॉनचं तेल त्यांतून रेटलं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. दाटपणा मोजतात सेंटीस्टोकमध्ये. पाणी साधारण १, शॉकचं तेल काहीशे, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमधलं तर काही हजार, मधासारखं.

तेल भरताना मात्र घाई नको. शॉक उभा धरून दट्ट्या हळूहळू वरखाली करा. बुडबुडे मोत्यांसारखे एकेक वर येतात. ते थांबेपर्यंत वाट पाहा. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ नाही. त्यामुळे एका शॉकमध्ये हवा राहिली तरी ते चाक बाकीच्यांशी जुळत नाही.

सकाळी छान पळणारी गाडी दुपारी उसळू लागली, तर आधी तेलाचा विचार करा. उन्हाने ते पातळ होतं. थोडं दाट तेल भरून पाहा, पण त्याच वेळी स्प्रिंग बदलू नका. नाहीतर गाडी कशाने सुधारली, हे कळायचं नाही.