रुग्णाचा पूर्ववृत्तांत

निदानाचे सर्वांत जुने साधन म्हणजे प्रश्न होय. आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. आधुनिक वैद्यकातही क्ष-किरण चित्र काढण्यापूर्वी रुग्णाची हकिकत ऐकली जाते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयासारख्या गर्दीच्या ठिकाणी प्रत्येक नव्या रुग्णाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. म्हणून ही हकिकत थोडक्यात, परंतु क्रमाने घ्यावी लागते.

प्रथम मुख्य तक्रार विचारावी आणि ती रुग्णाच्याच शब्दांत टिपून घ्यावी. 'काय होते?' असे विचारून काही क्षण स्वस्थ राहावे. मध्येच तोडलेले बोलणे रुग्ण सहसा पूर्ण करीत नाही. त्यानंतर त्रास केव्हा सुरू झाला, कसा वाढत गेला आणि कशाने कमी होतो, हे विचारावे. पुढे पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे, एखाद्या औषधाचे वावडे, कुटुंबातील आजार आणि तंबाखू-मद्यादी सवयी यांची चौकशी करावी.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि घाईत तोच गळतो: 'आपण काम काय करता?' बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा आग्रह धरला होता. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दौसा जिल्ह्यात, सिकंदरा येथे वालुकाश्मावर कोरीव काम चालते. त्या दगडाची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा विकार जडतो. खोकला, धाप आणि वजनातील घट ही लक्षणे क्षयाचीही असल्यामुळे असे अनेक कारागीर क्षयाची औषधे घेत राहतात. सिलिकोसिसमध्ये क्षयाचा धोका वाढतो. तेव्हा एक आजार आढळला म्हणून दुसऱ्याचा शोध सोडता येत नाही.

हा विकार बहुधा बऱ्याच वर्षांनी प्रकट होतो. आज चहाचे दुकान चालविणारा मनुष्य पूर्वी दगड घडवीत असू शकेल. म्हणून केवळ सध्याचा नव्हे, तर आजवरचे सर्व व्यवसाय विचारले पाहिजेत. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. मात्र वेळीच ओळख पटल्यास धुळीपासून दूर होता येते. शिवाय राजस्थान शासनाच्या 2019 च्या धोरणानुसार मिळणारे अर्थसाहाय्य रोग प्रमाणित झाल्यावरच हाती येते. अर्ध्या मिनिटाच्या या प्रश्नावर अशा रीतीने एका कुटुंबाचा निर्वाह अवलंबून असू शकतो.