वादळाच्या पोटात सोडलेले नळकांडे

उत्तर अटलांटिक महासागरावरील उष्ण कटिबंधीय चक्रीवादळाचा वारा ताशी 119 किलोमीटरच्या पुढे गेला म्हणजे त्याला हरिकेन म्हणतात; जातकुळीने ते बंगालच्या उपसागरातील वादळाहून वेगळे नसते, आणि अशा वादळांसाठी जगभर चालणारा 'सायक्लोन' हा शब्द तर हेन्री पिडिंग्टन याने 1848 साली कलकत्त्यात बसूनच रूढ केला. या वादळाचा अंदाज वर्तवणारी अमेरिकेतील यंत्रणा आज अवाढव्य झाली आहे. उपग्रह अहोरात्र छायाचित्रे पाठवतात, महासंगणक दिवसातून चार वेळा वातावरणाचे गणित नव्याने मांडतात, आणि मायामीतील राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी वादळाची जागा, जोर आणि पुढची वाट जाहीर करते. तरीही वादळाच्या पोटात, समुद्राच्या पाठीलगत, हवेचा दाब किती आणि वारा किती हे प्रत्यक्ष मोजून सांगण्याचे काम बरेचसे हातभर लांबीच्या आणि अर्ध्या किलोपेक्षाही हलक्या अशा एका पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर येऊन पडते. त्याला ड्रॉपसोंड म्हणतात, म्हणजे विमानातून खाली टाकायचा हवामानमापक.

विमानाने हरिकेनमध्ये शिरण्याची सुरुवात 27 जुलै 1943 रोजी झाली, तीही पैजेखातर. टेक्सासमधील वैमानिक-प्रशिक्षक जोसेफ डकवर्थ एका इंजिनाचे सरावाचे विमान घेऊन गॅल्व्हस्टनजवळच्या वादळात घुसला, सुखरूप परतला, आणि लगेच तळावरील हवामान अधिकाऱ्याला सोबत घेऊन त्याच वादळात दुसरी खेप करून आला. या वेडाचा पुढे रीतसर खात्यात समावेश झाला: मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे हवाई दलाची 53वी हवामान टेहळणी तुकडी दहा सी-130 विमाने बाळगून आहे, आणि फ्लोरिडातील लेकलंड येथे नोआ या नागरी संस्थेची दोन ओरायन विमाने उभी असतात, ज्यांच्या नाकाडावर 'कर्मिट' आणि 'मिस पिगी' ही बाहुल्यांच्या खेळातील पात्रे रंगवलेली आहेत. नावे गमतीची असली तरी काम गमतीचे नाही. सप्टेंबर 1955 मध्ये 'जॅनेट' वादळात गेलेले नौदलाचे विमान अकरा माणसांसह नाहीसे झाले, आणि 15 सप्टेंबर 1989 रोजी 'ह्यूगो'त अवघ्या साडेचारशे मीटर उंचीवरून शिरलेल्या कर्मिटच्या एका इंजिनाने पेट घेतल्यावर ते कसेबसे वादळाच्या डोळ्यात पोहोचले आणि तिथल्या शांत हवेत घिरट्या घालत वर चढले, म्हणून वाचले. इतक्या खालून शिरण्याचे धाडस तेव्हापासून सोडून देण्यात आले. विमाने आता साधारण तीन किलोमीटर उंचीवरून वादळ ओलांडतात, आणि त्यांच्या खाली उरणारा जो थर माणसांच्या घरादारांवर कोसळणार असतो, तो जवळपास सगळा ड्रॉपसोंडच्या वाट्याला येतो.

उपग्रहावर भागत नाही याचे कारण साधे आहे. उपग्रहाला मुख्यतः ढगांचे माथे दिसतात, आणि माथ्यांच्या आकृतीवरून खालच्या वाऱ्याचा जोर ठरवण्याची जी पद्धत व्हर्नन ड्वोरॅक याने 1970च्या दशकात बसवली, ती अनुभवी डोळ्यांनी केलेली अटकळ असते. ढग किती वळणदार, डोळा किती स्वच्छ, त्याभोवतीचे माथे किती थंड, यांवरून एक आकडा निघतो आणि आकड्यावरून वारा. ही अटकळ कित्येकदा थक्क करण्याइतकी बरोबर येते. अरबी समुद्रात तिच्यावाचून गत्यंतर नाही, कारण भारताकडे वादळात नियमित शिरणारी विमाने नाहीत. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग'चा जोर, किनाऱ्यावरील रडारच्या टप्प्यात ते येईपर्यंत, मुख्यतः याच वाटेने ठरवला गेला.

ड्रॉपसोंडची रचना पाहिली तर तिच्यात दिमाख काहीच नाही. नळकांड्याच्या खालच्या तोंडाशी तापमान आणि आर्द्रतेचे बारीक संवेदक, आत दाब मोजणारा तुकडा, जीपीएस ग्रहण करणारे मंडळ, बॅटरी आणि रेडिओ, आणि वरच्या टोकाला घडी घातलेले छोटे पॅराशूट. विमानाच्या पोटातील नळीतून ते सोडले की पॅराशूट उघडते, नळकांडे सरळ उभे राहते आणि समुद्राजवळ पोहोचता पोहोचता सेकंदाला अकरा-बारा मीटर या गतीने उतरत असते. वारा मोजण्यासाठी त्याला वेगळे यंत्र लागत नाही. ते वाऱ्याबरोबर वाहवत जाते, आणि त्याचे हे वाहवणे जीपीएस सेकंदातून चार वेळा टिपते, तेच वाऱ्याचे माप. तीन किलोमीटरची उतरण सुमारे चार मिनिटांची असते. तेवढ्यात विमानातील माणूस पडद्यावर उमटणाऱ्या रेषा तपासतो: संवेदक भिजून आर्द्रता खोटी येत आहे का, पॅराशूट न उघडल्याने नळकांडे धोंड्यासारखे पडते आहे का, शेवटच्या क्षणी जीपीएस तुटले का. डोळ्याच्या मध्यावर सोडलेले नळकांडे नेमके केंद्रात पडले नाही तरी हिशोब जुळवता येतो, कारण पाण्यावर टेकताना त्याला जितका वारा लागतो, त्यातील दर दहा नॉटमागे दाबातून एक मिलिबार वजा करायचा, असा टेहळणी करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. नळकांडे पाण्यात बुडते आणि संपते; ते परत आणण्याचा प्रश्नच नसतो.

या क्षणभंगुर वस्तूने काय साधले, हे 'अँड्र्यू'च्या प्रकरणावरून कळते. 24 ऑगस्ट 1992 रोजी हे वादळ मायामीच्या दक्षिणेकडून फ्लोरिडावर आदळले तेव्हा हरिकेन केंद्र कोरल गेबल्समधील इमारतीत होते, आणि तिच्या छतावरचे रडार वाऱ्याने उखडून टाकले. वाऱ्याचे माप म्हणून मुख्यतः विमानाच्या उंचीवरचा आकडा हाती होता आणि तो जमिनीपर्यंत उतरवताना त्यात किती घट धरायची, यावर सगळे अवलंबून होते; त्या वेळी घट बरीच धरली गेली आणि वादळाला ताशी सुमारे 233 किलोमीटर, म्हणजे चौथी श्रेणी, मिळाली. 1997 पासून जीपीएस ड्रॉपसोंड डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत, जिथे वारा सर्वांत उग्र असतो तिथे, नेमाने पडू लागले, आणि तीन किलोमीटरवरच्या वाऱ्याचा सरासरी नव्वद टक्के भाग खालीही टिकून असतो असे त्यांनी दाखवले. तेव्हा जुना हिशोब पुन्हा मांडावा लागला आणि ऑगस्ट 2002 मध्ये, दहा वर्षांनी, अँड्र्यू ताशी सुमारे 265 किलोमीटरचे, पाचव्या म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे वादळ ठरले.

वादळाची वाट सांगणे त्यामानाने सोपे झाले आहे. हरिकेन स्वतःच्या मर्जीने फारसे चालत नाही. भोवतालच्या विस्तीर्ण वायुप्रवाहात ते ओंडक्यासारखे वाहते, आणि तो प्रवाह मोजण्यासाठी 'गॉन्झो' हे जेट विमान वादळाच्या आसपास तेरा किलोमीटर उंचीवरून ड्रॉपसोंड टाकत फिरते. 1990च्या सुमारास तीन दिवस आधीच्या अंदाजात वादळाची जागा सरासरी पाचशे किलोमीटरने चुकत असे, ती चूक आता दोनशेच्या आत आली आहे. जोराचा अंदाज मात्र कित्येक वर्षे हट्टाने जागचा हलला नाही, कारण जोर ठरतो तो डोळ्याच्या आसपासच्या काही दहा किलोमीटरांत, समुद्राची उष्णता हवेत चढते त्या जागी, आणि तिथली उलथापालथ तासाभरात पालटते. गेल्या दशकभरात त्यातही सुधारणा झाली, 2023 मध्ये हाफ्स हे नवे संगणकीय प्रारूप कामाला लागले, आणि लाटांवर तरंगणाऱ्या व विमानातून सोडल्या जाणाऱ्या मानवरहित यंत्रांनी अगदी खालच्या थरातून मोजमापे आणायला सुरुवात केली. पण 1970च्या दशकाच्या मध्यात बांधलेली कर्मिट आणि मिस पिगी यांना निवृत्त करणारी नवी विमाने 2030च्या सुमारास यायची आहेत, आणि तोवर अर्धशतक राबलेल्या धातूवरच भिस्त आहे.

शिवाय नळकांडे पडते ते विमान जाईल तिथे आणि जाईल तेव्हाच. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याजवळ 'ओटिस' तयार झाले. 23 तारखेच्या अंदाजानुसार ते हरिकेनच्या पायरीपर्यंतही न पोहोचता किनाऱ्यावर येणार होते, आणि जवळजवळ सगळी प्रारूपे या बाबतीत एकमुखी होती. चोवीस तासांत वारा तीस नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरने, वाढला तर त्याला शास्त्रज्ञ झपाट्याने होणारी वाढ म्हणतात. ओटिसचा वारा तेवढ्याच वेळात ताशी सुमारे 185 किलोमीटरने चढला. 24 तारखेला दुपारच्या सुमारास हवाई दलाचे विमान आत शिरले आणि वादळ अपेक्षेपेक्षा कितीतरी उग्र असल्याचे आकडे येऊ लागले, तेव्हा अकापुल्कोच्या हाती जेमतेम बारा तास उरले होते. खाणउद्योगाच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनासाठी आलेल्या पाहुण्यांनी शहरातील हॉटेले भरलेली होती. मध्यरात्रीनंतर, पाऊण वाजण्याच्या सुमारास, वादळ ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाने त्या उंच इमारतींवर आले आणि सकाळी त्यांतील कित्येकींच्या खिडक्यांना काचच काय, चौकटीही उरल्या नव्हत्या.